मिजीचं रक्त

डर्वेग, मल बेट
१४ मार्च

उना,

घाबरू नकोस, कुणी गेलेलं नाही. नऊ वर्षांनी पाकिटावर थोरल्या बहिणीचं अक्षर पाहून तुझ्या मनात पहिलं तेच आलं असणार, म्हणून आधी सांगून टाकलं. पत्ता आपल्या कुत्र्यांच्या क्लबच्या यादीतून काढला. ऑर्कनीत अजून त्याच घरात असलीस तर पत्र मिळेल. नसलीस तर परत येईल आणि मी ते शेगडीत घालीन.

लिहायचं कारण मिजी. तुझी-तिची ओळख नाही. आपल्या ब्रॅकनची नात, चार वर्षांची, पिकल्या गव्हाच्या रंगाची, वजन पुरतं पाच किलोसुद्धा नाही. नाव उन्हाळ्यातल्या त्या चावऱ्या चिलटांवरून ठेवलं, कारण जन्मली तेव्हा ती तेवढीच होती आणि तेवढाच त्रास द्यायची. आपल्या कॅरिगडू घराण्यातून आजवर जितके केर्न टेरियर कुत्रे निघाले त्यांत असं डोकं, असे कान कुणाचे झाले नाहीत. गेल्या ऑगस्टमध्ये इन्व्हरनेसच्या प्रदर्शनात पंचाने तिला टेबलावर घेतलं, दात पाहिले, पाठ चाचपली आणि मला म्हणाला, "बाई, ही तुमच्याकडे असते की तुम्ही हिच्याकडे?" पहिली फीत तिलाच मिळाली. मी हे मिरवायला लिहीत नाहीये. म्हणजे, थोडं मिरवायलाही.

तर फेब्रुवारीपासून ती मधूनमधून ओकते. जेवली की तासभर सुस्त पडून राहते. मी म्हटलं, समुद्रावर काहीबाही चघळत असेल. तरी दाखवून आणली. आपले जुने डॉक्टर आता निवृत्त झालेत. त्यांच्या जागी शेटलंडची एक पोरगी आलीय, इंगा हॅलक्रो नावाची. अजून तिशी गाठली नसेल. तिने रक्त काढलं आणि तिसऱ्या दिवशी मला बोलावून घेतलं.

"मिस लॅमंट, लिव्हरचे दोन आकडे दुपटीच्या वर आलेत. आणि रक्तातलं प्रोटीन कमी आहे."

"यंत्र तपासून घे."

"यंत्र ठीक आहे."

"मग बाटली हलवली असशील तू."

"ती बाटली हलवायचीच असते," ती म्हणाली. हसलीसुद्धा नाही.

मी तिला सांगितलं की पुढच्या महिन्यात मिजीची जोडी लावायची आहे, पर्थचा कुत्रा ठरलाय, चार घरांनी पिल्लं मागून ठेवलीत. तर म्हणते, "कळेपर्यंत नका लावू."

"कळेपर्यंत म्हणजे कधीपर्यंत?"

"म्हणजे मला कळेपर्यंत. तुम्हाला कळायला त्याहून जास्त दिवस लागतील असं दिसतंय."

अशी आहे ती. आता पुन्हा रक्त काढायचंय. काही निघायचं नाही, मला खात्री आहे. तू यातून भलतंसलतं काही काढू नकोस. मला एवढंच विचारायचं होतं: तुझी फेन, ते पिल्लू, जायच्या आधी ओकायची, तेव्हा ते पिवळं असायचं की नुसता फेस? एका ओळीत कळव. बाकी काही लिहायची गरज नाही.

मार्सली


डर्वेग
२९ मार्च

उना,

तुझं उत्तर आलं नाही. पत्र परतही आलं नाही, म्हणजे तुझ्या हातात पडलंय. बरं.

परवा दुसरी तपासणी झाली. रात्रीपासून उपाशी ठेवायचं, सकाळी रक्त काढायचं, मग पोटभर खायला घालायचं आणि दोन तासांनी पुन्हा रक्त काढायचं. इंगाने मला समजावून सांगितलं, आणि या वेळी मी मध्ये बोलले नाही. जेवल्यावर पित्त सुटतं. चांगलं लिव्हर त्यातली आम्लं रक्तातून चटकन उचलून घेतं. दोन तासांनीही ती रक्तात तशीच फिरत राहिली, तर समजायचं की एक तर लिव्हर आपलं काम करत नाही किंवा रक्त त्याला वळसा घालून जातंय.

मिजीने मानेत सुई टोचून घेतली आणि हूं की चूं केलं नाही. नर्सने तिला धरायला हात पुढे केले, तर इंगा म्हणाली, "असू दे, हिला धरायची गरज नाही, ही आपल्यालाच धरून बसलीय." मला इतकं भरून आलं की मी खिडकीतून बाहेर बघत राहिले. मग वाटी पुढे ठेवताच बयेने ती चाटूनपुसून साफ केली आणि उरलेल्या वेळात इंगाच्या बुटांच्या दोन्ही नाड्या सोडून टाकल्या. दोन तास आम्ही गाडीत बसून राहिलो. ती माझ्या मांडीवर झोपली. मी तिच्या पोटावर हात ठेवला होता. बाहेरून हाताला काहीच कळत नाही, उना. ते गरम असतं, वरखाली होत असतं आणि सगळं ठीक आहे असंच वाटतं.

आकडे असे: उपाशीपोटी बत्तीस, जेवल्यावर एकशे अठरा. पंचवीसच्या आत हवेत.

"म्हणजे काय झालंय?" मी विचारलं.

"म्हणजे लिव्हरचं काहीतरी आहे हे नक्की. काय आहे ते इथे कळणार नाही. ग्लासगोला न्यावं लागेल. आणि मिस लॅमंट, एक विचारते. हिच्या नात्यात याआधी कुणाला असलं काही झालं होतं का?"

मी "नाही" म्हणाले.

घरी आले, कोट न काढता टेबलाशी बसले आणि पिल्लांची वही उघडली. ब्रॅकनच्या पहिल्या वेतात चार पिल्लं. तिसरं पिल्लू फेन, उनाकडे ठेवली. पाच महिन्यांची असताना झटके येऊन गेली. माझ्याच अक्षरात लिहिलेलं आहे. पुढे कारणाची जागा मी कोरी सोडलीय.

ओबनच्या सभागृहात, क्लबच्या वर्षाच्या सभेत, तू सगळ्यांसमोर उभी राहून म्हणाली होतीस की ब्रॅकनपासून आता पिल्लं घेऊ नका, फेन रक्तातल्या दोषाने गेली. त्यावर मी काय बोलले ते तुला पाठ असेल. मला ते इथे लिहायचं नाही. दुसऱ्या दिवशी तू बॅग उचललीस आणि पहिल्या बोटीने गेलीस. त्यानंतर मी ब्रॅकनची आणखी तीन वेतं घेतली. तुला दाखवून देण्यासाठी घेतली, दुसरं कारण नव्हतं. त्यातल्या दुसऱ्या वेतात मिजीची आई जन्मली.

दुसऱ्या दिवशी सकाळी इंगाला फोन करून सांगितलं, "काल मी खोटं बोलले." ती म्हणाली, "मला वाटलंच होतं. सगळे जण पहिल्यांदा नाहीच म्हणतात."

सगळ्यांसारखी निघाले, हे मला फार लागलं.

मार्सली


ओबन, बोटीची वाट बघताना
१९ एप्रिल

उना,

दहा दिवसांत ग्लासगोची ही दुसरी खेप. पहिल्या खेपेला स्कॅन केला आणि लिव्हरचा बारीकसा तुकडा काढून तपासायला पाठवला. आज टाके काढले आणि निकाल सांगितला. बोट सुटायला अजून तास आहे. मिजी बाकाखाली बसून समुद्रपक्ष्यांना दम देतेय. पोट भादरलेलं आहे, केस उगवेपर्यंत खालून ती अगदी डुकराच्या पिलासारखी दिसेल. पण चाल बघ तिची! इस्पितळाच्या त्या लांब बोळात मोठाले शिकारी कुत्रे शेपट्या पायांत घालून भिंतीला चिकटून चालले होते, आणि ही मधोमध, मान वर करून, प्रदर्शनाच्या रिंगणात निघाल्यासारखी. एका माणसाने मला विचारलं, "ही इथली मालकीण आहे का?" मी म्हटलं, "अजून नाही."

सर्जन एक उंच, कमी बोलणारा माणूस आहे. त्याने कागदावर चित्र काढून दाखवलं. मोठी आडवाटेची रक्तवाहिनी नाहीये, म्हणजे ऑपरेशन करून बंद करण्यासारखं काही नाही. लिव्हरच्या आतल्या बारीक बारीक वाहिन्या जन्मापासूनच नीट तयार झालेल्या नाहीत.

"बरी होईल का?" मी विचारलं.

"बरी होणार नाही. पण बऱ्याच जणी याच्यासकट म्हाताऱ्या होतात. लाल मांस बंद करा, हे वेगळं खाणं द्या, औषध देतोय ते चालू ठेवा, दर तीन महिन्यांनी रक्त तपासा. मला तिच्याकडे बघून काळजी वाटत नाही."

"मग कशाकडे बघून वाटते?"

त्याने पेन खाली ठेवलं. "तुमच्या वहीकडे. इंगाने मला पहिल्या पिल्लाबद्दल कळवलंय. झटके येऊन गेलं ना? त्याला बहुतेक ती मोठी वाहिनी असणार. हा त्याच दुखण्याचा धाकटा भाऊ आहे. दोन्ही एकाच घराण्यात चालतात. या वंशातली पिल्लं आणखी कुठेकुठे आहेत?"

मी सांगितलं, पाच वेतं, लोकांना दिलेली तेवीस पिल्लं, आणि सगळ्यांचे पत्ते माझ्याकडे आहेत.

"पत्ते ठेवलेत?" त्याला नवल वाटलं. "बहुतेक लोक ठेवत नाहीत."

"आम्ही ठेवतो," मी म्हणाले.

'आम्ही' म्हणाले, उना. 'मी' म्हणायला हवं होतं, पण तोंडातून तसंच गेलं. पत्ते लिहून ठेवायचे हे तूच सुरू केलं होतंस ना.

पर्थला रस्त्यातून फोन केला आणि जोडी मोडली. आता बोटीचा भोंगा झाला.

मार्सली


डर्वेग
११ मे

उना,

तेवीस पत्रं लिहिली. सगळी हाताने. इंगा म्हणाली, एकच मजकूर छापून तेवीस ठिकाणी पाठवा. मी म्हटलं, पिल्लू मी प्रत्येकाला हातात दिलंय, छापून नाही दिलं. सहा दिवस लागले. प्रत्येकात लिहिलं की मिजीला काय निघालंय, तुमच्या कुत्र्याचं रक्त कसं तपासून घ्या, कुठल्या खुणांकडे लक्ष ठेवा, आणि त्याच्यापासून पिल्लं घेऊ नका. शेवटी लिहिलं की ही गोष्ट मला नऊ वर्षांपूर्वी सांगण्यात आली होती आणि मी ऐकली नाही.

पत्रं टाकल्यावर चौथ्या दिवशी क्लबच्या गिलक्रिस्टचा फोन. अजून तोच चिटणीस आहे, आवाज अजून तसाच, गळ्यात गोळी अडकल्यासारखा.

"मार्सली, हे काय चालवलंयस तू? पर्थपर्यंत बातमी गेली."

"जायलाच हवी. तिथेही वेगळं पत्र पाठवलंय."

"अगं, एका कुत्रीचे चार आकडे चुकले म्हणून चाळीस वर्षांचं नाव मातीत घालणार? गुपचूप बंद कर ना पैदास. वय झालंय म्हणून सांग. कोण विचारतंय?"

"मी विचारतेय."

"आणि पुढच्या आठवड्यात सभा आहे, तिथे तरी कृपा करून..."

"तिथे मला पहिलं बोलायला दे," मी म्हटलं आणि फोन ठेवला.

त्याने मला शेवटी ठेवलं. चालेल. सभागृह तेच, चहाचं टेबल तिथेच, माणसं तेवढी म्हातारी झालीत. मी मिजीला काखेत घेऊन पुढे गेले. पोटावरचे केस अजून पुरते आले नव्हते, टाक्यांचा व्रण सगळ्यांना दिसत होता. मी म्हटलं, "ही इन्व्हरनेसची पहिली फीतवाली. हिचं लिव्हर जन्मतःच अर्धवट आहे. हे आमच्या कुत्र्यांच्या वंशात आहे. माझी बहीण उना हिने याच जागी उभं राहून हे सांगितलं होतं. ती बरोबर होती. मी चूक होते, आणि मी नुसती चूक नव्हते, मी तिचा अपमान केला होता. आजपासून कॅरिगडूची पिल्लं बंद. तुमच्यापैकी ज्यांच्या घरात आमचं रक्त आहे त्यांनी तपासून घ्या आणि जे निघेल ते लपवू नका."

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. वाजवण्यासारखं नव्हतंच. पण बाहेर पडताना तिघांनी मला इंगाचा नंबर विचारला. खरं सांगू? बोटीत बसले तेव्हा माझी छाती इतकी फुगली होती की कोटाची गुंडी लागेना. प्रदर्शनात इतक्या फिती घेतल्या, पण असं कधी वाटलं नव्हतं.

ते दोन दिवस टिकलं.

मग उत्तरं यायला लागली. स्टर्लिंगच्या बाईने लिहिलं की तुम्ही मला आजारी कुत्रं गळ्यात बांधलंत. तिचा अधिकार आहे. दोघांनी आभार मानले. आणि काल आयला बेटावरून डंकन मॅकेकर्नचा फोन आला. तुला आठवत नसेल, तू गेल्यावरच्या वेतातलं पिल्लू त्याने नेलं होतं. ते दोन वर्षांचं होऊन गेलं. मला त्याने तेव्हा कळवलं नव्हतं.

तो फार हळू बोलतो. म्हणाला, "बाई, माझी बायको शेवटपर्यंत म्हणायची, माझ्याच हातून त्याला काहीतरी बाधेल असं खायला दिलं गेलं. मी किती सांगायचो, नाही गं, पण तिच्या मनातून ते जाईना. ती गेल्या हिवाळ्यात वारली. तुमचं पत्र एक वर्ष आधी यायला हवं होतं."

"हो, यायला हवं होतं," एवढंच म्हणाले. तो म्हणाला, "तरी पाठवलंत ते बरं केलंत," आणि कुत्रं कसं होतं ते मला सांगत बसला. मी ऐकत राहिले.

फोन ठेवला आणि मला तू दिसलीस. आता लिहिते, जे मला मार्चमध्ये लिहायचं नव्हतं. मी त्या सभेत म्हणाले होते, "फेन दोषाने नाही गेली, तुझ्या हातच्या खाण्याने गेली. तुला कुत्री सांभाळता येत नाहीत." पंचवीस माणसांसमोर. जी पोर पाच महिने त्या पिल्लाला उशाशी घेऊन झोपली, तिला.

तू तिला काहीही वाईट दिलं नव्हतंस, उना. एक घाससुद्धा नाही. तुझ्याइतकी चांगली कुणी तिला सांभाळू शकलं नसतं. मीही नाही.

सभेत मी माफी मागितली ती लोकांकडे होती. ही तुझ्याकडे मागतेय.

मार्सली


डर्वेग
२ जून

उना,

तुझं पाकीट शनिवारी आलं. आधी मिजीचं सांगते, कारण तू पहिल्या ओळीत तेच विचारलंयस. जेवणानंतरचा आकडा एकशे अठरावरून एकसष्टवर आला. प्रोटीन वाढलं. एप्रिलपासून एकदाही ओकली नाही. इंगाने रिपोर्ट हातात दिला आणि म्हणाली, "यंत्र तपासून घेऊ का?" मी म्हटलं, "आगाऊपणा पुरे." दोघी हसलो.

आता तुझ्या पाकिटातला दुसरा कागद. फेन गेल्यावर तू तिला एडिनबराला पाठवून तपासून घेतलं होतंस, हे मला आता कळतंय. लिव्हरला वळसा घालणारी मोठी रक्तवाहिनी, खाली सही, वर तारीख, सभेच्या आधी अकरा दिवस. म्हणजे मी जेव्हा ते बोलले, तेव्हा हा कागद तुझ्या पर्समध्ये होता. तू तो टेबलावर ठेवला असतास तर त्याच क्षणी माझं तोंड बंद झालं असतं आणि कॅरिगडूचं नाव संपलं असतं. तू पर्स बंद ठेवलीस.

तू लिहिलंयस, "मी तो तुझ्यासाठी लपवला आणि नऊ वर्षं मला त्याचा अभिमान वाटत आला. तुझं आयलाच्या माणसाचं वाचल्यावर वाटेनासा झाला. मी तेव्हाच तो सगळ्यांना दाखवायला हवा होता. त्याच्या बायकोला मीही फसवलं."

मला तुझी खोटी समजूत घालायची नाही. हो, दाखवायला हवा होतास. मी हट्टाने ऐकलं नाही आणि तू मायेने बोलली नाहीस, आणि त्यात कुत्री गेली. पण एक ऐक. मी चार दिवस तो कागद घेऊन घरभर फिरतेय. माझ्यावर कुणी एवढा जीव लावला असेल हे मला या वयात कळतंय, आणि ज्या बहिणीला मी पंचवीस माणसांत खाली पाडलं तिने हे केलं, याचा मला किती अभिमान वाटतो ते तुझ्यासारख्या शहाणीला सांगायला माझ्याकडे शब्द नाहीत. चुकीच्या जागी केलंस. पण केलंस.

दारावरची कॅरिगडूची पाटी मी काल स्वतः उतरवली. वहीत फेनच्या नावापुढची कोरी जागा भरली. कारण लिहिलं आणि खाली तुझं नाव लिहिलं, 'प्रथम उना लॅमंट हिने ओळखले' असं. गिलक्रिस्टकडे त्या कागदाची नक्कल पाठवलीय. तुला न विचारता, हो. मी विचारलं असतं तर तू हो म्हणाली असतीस.

आणि मॅकेकर्नला मी फोन केला. सांगितलं की आम्ही दोघी बहिणी येऊन भेटणार आहोत. तो म्हणाला, एवढ्या लांब कशाला. मी म्हटलं, फोनवर सांगायची गोष्ट नाही. एक कागद आहे, तो तुमच्या हातात द्यायचाय, आणि तुमच्या बायकोची कबर कुठे आहे तेही दाखवा. तो म्हणाला, "जेवायलाच या. मासे करीन."

तेव्हा तू येत्या गुरुवारी ओबनला पोच. दुपारच्या आधी. मी गाडी घेऊन येते, आपण दोघी त्याच्या दारात जाऊन उभ्या राहू आणि मान वर करून सांगू की आमचं चुकलं. तुला भीती वाटत असेल तर मलाही वाटतेय. तरी जायचं.

मिजी बरोबर येईल. तिला तिथे कुणाची माफी मागायची नाही. तिने फक्त जेवायचंय, तेही मोजून.

तुझी,
मार्सली